शनिवारी रात्रीचं मडकं

ज्यांनी हा भाग ऐकलाय आणि आता पुन्हा वाचायला आलाय त्यांचं स्वागत, आणि जे बसमध्ये हेडफोन विसरल्यामुळे थेट वाचतायत त्यांचंही. बोलताना जिथे जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. बेक्ड बीन्स. हो, तेच. हॉटेलच्या ब्रेकफास्ट बुफेमध्ये ऑम्लेटच्या शेजारी एका तव्यात जे केशरी, गोडसर, गिळगिळीत काहीतरी असतं आणि ज्याच्याकडे बघून आपण इडलीकडे वळतो, ते.

मी एक वर्ष इंग्लंडमध्ये शिकायला होतो. तिथे शिकलेल्या कुठल्याही मराठी पोराला विचारा, महिनाअखेरीस काय खायचास? टोस्टवर बीन्स. डबा उघडायचा, दोन मिनिटं गरम करायचा, ब्रेडवर ओतायचा, वरून लाल तिखट. घरून आणलेलं मेतकूट घालूनही मी ते खाल्लंय, आणि वाईट लागत नाही बरं का. पण त्या वर्षी मी इतके डबे उघडले की परत आल्यावर पुन्हा तोंडात घालायचं नाही असं ठरवलं होतं.

मग एक दिवस कळलं की डब्यातले बेक्ड बीन्स बेक केलेलेच नसतात. म्हणजे ओव्हनशी त्यांचा काही संबंध येत नाही. बीन्स थोड्या उकळतात, डब्यात भरतात, वर टोमॅटोचा सॉस, डबा सील, आणि मग तो बंद डबाच वाफेच्या दाबाखाली शिजवतात. आपल्या कुकरसारखं, फक्त डबा हाच कुकर. मग नावात ‘बेक्ड’ कुठून आलं? इथून मी शोधायला लागलो आणि पोचलो तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी रात्री.

आणखी एक कारण होतं, ते आधीच सांगतो. आमच्याकडे रविवार म्हणजे सगळे घरी. सगळे घरी म्हणजे नाश्ता वेगळा, जेवण वेगळं, चारचा चहा, संध्याकाळी ‘काहीतरी छान कर ना’. आई एकदा भांडी लावता लावता सहज म्हणाली, ‘तुमचा रविवार असतो, माझा डबल सोमवार.’ ती रागावून नव्हती म्हणाली. म्हणूनच ते डोक्यात राहिलं. आणि मी वाचत होतो अशा एका पदार्थाबद्दल, जो रविवारी चूल पेटवायची नाही म्हणूनच केला जायचा. म्हटलं, करून बघू. एक रविवार आईला सुट्टी.

तर चला, आधी अमेरिकेत जाऊ. ईशान्येचा कोपरा, बोस्टनच्या आसपासचा भाग, ज्याला न्यू इंग्लंड म्हणतात.

इंग्लंडहून आलेले प्युरिटन लोक तिथे १६२० पासून वसायला लागले, बोस्टन वसलं १६३० मध्ये. धर्माच्या बाबतीत कडक माणसं. त्यांचा पवित्र दिवस, सॅबथ, सुरू व्हायचा शनिवारी सूर्यास्ताला आणि संपायचा रविवारी सूर्यास्ताला. या वेळात काम करायचं नाही. शेत नाही, दुकान नाही, स्वयंपाकही नाही. रविवारी सकाळी प्रवचन, दुपारी पुन्हा प्रवचन. पण पोट थोडंच थांबतं?

तर घरातल्या बाईने काय करायचं? शुक्रवारी रात्री बीन्स भिजत घालायच्या. शनिवारी त्या उकळायच्या. शनिवार हा तसाही ब्रेड भाजायचा दिवस, त्यामुळे विटांचा ओव्हन पेटलेलाच असायचा. हा ओव्हन कसा चालायचा ते भारी आहे. आत लाकडं पेटवायची, दोन-तीन तास विटा तापू द्यायच्या, मग निखारे आणि राख पूर्ण बाहेर ओढून काढायची. आता आत आग नाही, फक्त तापलेल्या विटा. आधी ब्रेड आणि पाय भाजून घ्यायचे आणि ओव्हन जरा उतरला की मातीचं पोटाळं मडकं आत सरकवायचं. मडक्यात बीन्स, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा एक तुकडा आणि पाणी. दार बंद. विटा हळूहळू थंड होत जातात, बीन्स हळूहळू शिजत जातात. शनिवारी रात्री गरम गरम जेवायच्या आणि उरलेलं मडकं परत आत ढकलायचं. रविवारी सकाळी उघडलं की अजून कोमट. चूल पेटवली नाही, नियम मोडला नाही, आणि सगळ्यांची पोटं भरली.

पुढे शहरात प्रत्येकाकडे असा ओव्हन राहिला नाही, तेव्हा बोस्टनचे बेकरीवाले घरोघरची मडकी गोळा करायचे, आपल्या मोठ्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवायचे आणि परत पोचवायचे. सोबत राय आणि मक्याच्या पिठाचा वाफवलेला काळसर ब्रेड. बोस्टनला आजही ‘बीनटाउन’ म्हणतात ते यावरून.

थोडं आडवळण. शनिवारची सुट्टी आणि आदल्या दिवशी करून ठेवलेलं जेवण म्हटल्यावर रायगडकरांना काही आठवलं का? आपल्या कोकणातले बेने इस्राएल. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नावच ठेवलं ‘शनवार तेली’. युरोपातल्या ज्यूंचा चोलंट नावाचा पदार्थ हाच हिशोब करून बनतो. शुक्रवारी मडकं मंद आचेवर ठेवायचं, शनिवारी दुपारी उघडायचं, आत बीन्स, धान्य आणि मांस. बोस्टनवाल्यांनी हे त्यांच्याकडून उचललं असं मी म्हणत नाहीये. एकाच जुन्या आज्ञेतून दोन मडकी निघाली, एवढंच.

बरं, मडक्यातल्या बीन्स कुठल्या? या बीन्स इंग्लंडच्या नव्हेत. इंग्लंडमध्ये वाटाणे होते, जाड घोडावालासारखे फावा बीन्स होते, त्यांची डुकराच्या मांसाबरोबर लापशी व्हायची. तीच सवय घेऊन ही मंडळी आली. पण न्यू इंग्लंडच्या मडक्यात गेली ती अमेरिकेतली शेंग. शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस. माणसाने हिला मेक्सिकोत आणि अँडीज पर्वतात, अशी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे, हजारो वर्षांपूर्वी शेतात आणलं. तिथून सरकत सरकत ती साधारण सातशे वर्षांपूर्वी ईशान्य अमेरिकेत पोचली. तिथले मूळ रहिवासी मका, शेंगा आणि भोपळा एकत्र लावायचे. मक्याच्या ताटावर वेल चढतो, वेलाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, भोपळ्याची पानं खाली सावली धरून तण येऊ देत नाहीत. ‘तीन बहिणी’ म्हणतात या पद्धतीला. वॅम्पनोआग लोकांनी नव्या आलेल्यांना मका लावायला शिकवलं ही गोष्ट अमेरिकन पोरं शाळेत शिकतात. त्या लोकांच्या जमिनीचं पुढे काय झालं, ते शाळेत बरंच कमी शिकवतात.

शेजारच्या मेन राज्यात तर बीन्स जमिनीत खड्डा करून शिजवतात. खड्ड्यात दगड, त्यावर तासन्‌तास आग, मग निखाऱ्यांत भांडं ठेवून वर माती लोटायची, सकाळी उकरून काढायचं. जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या छावण्या यावर जगल्या. अलिबागकडची आपली पोपटी खाल्लेल्यांना ही चव न सांगता कळेल. ते मडकं उलटं असतं, वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला असतो आणि काम अर्ध्या तासात होतं, पण माती आणि धुराचा तो वास तोच असणार.

आता गंमत. मी पुण्यात बीन्स शोधायला निघालो. अमेरिकन रेसिपीत असतात ‘नेव्ही बीन्स’, बारीक पांढऱ्या. अमेरिकेच्या नौदलाला पोत्यांनी लागायच्या म्हणून हे नाव. ऑनलाइन मिळतात, भाव बघून मी ॲप बंद केलं. मग डोक्यात आलं, राजमा हीच तर जात आहे. तो पंजाबातून किंवा काश्मिरातूनच आणायला हवा असंही नाही. माझी आत्या कोरेगावला दिलेली, सातारा जिल्ह्यात. तिच्याकडे वाघ्या घेवडा पिकतो. लालसर दाणा, वर वाघासारखे पट्टे. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आणि तोही फॅसिओलस व्हल्गॅरिसच! म्हणजे बोस्टनच्या मडक्यातल्या बीन्स आणि कोरेगावचा घेवडा सख्खे चुलत भाऊ. पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून मिरची, बटाटा आपल्याकडे आले, त्याच जगातली ही शेंग. आत्याला फोन केला. एसटीने दोन किलो घेवडा आला.

पहिला प्रयत्न. शुक्रवारी रात्री घेवडा भिजवला. शनिवारी संध्याकाळी मातीच्या झाकणाच्या भांड्यात भिजलेला घेवडा, कांदा, मोहरीची पूड, मीठ, आणि अर्धी वाटी काकवी. खरं तर मोलॅसिस लागतं, म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा पाक, आपल्या साखर कारखान्यातली मळी. ती काही कोणी खायला देत नाही, म्हणून काकवी. अमेरिकन व्हिडिओत एक जण म्हणाला होता की सगळं एकत्र घाला आणि विसरून जा. मी टोमॅटोही घातला, डब्याची सवय. सगळं आमच्या छोट्या ओटीजीमध्ये, दीडशे अंशांवर.

एक गोष्ट मी बघितलीच नव्हती. आमच्या ओटीजीचा टायमर साठ मिनिटांचा आहे. दर तासाला टिंग होऊन बंद. म्हणजे रात्री अकरा, बारा, एक, दोन... मी अलार्म लावून उठतोय आणि खटका फिरवतोय. त्या विटांच्या ओव्हनची मला रात्री तीन वाजता खूप आठवण आली.

रविवारी दुपारी एक वाजता मी ऐटीत झाकण उघडलं. वास काय सुंदर! रंग काय! आणि घेवडा? दाताखाली खडा. अठरा तास भिजवून आणि रात्रभर ओव्हनमध्ये ठेवूनही कडक. बाबा शांतपणे म्हणाले, ‘लोणच्यासारखं लागतंय.’ आईने ओढणी खोचली आणि वीस मिनिटांत पिठलं-भात. वर ते भांडं घासायला पण तिलाच लागलं, कारण काकवी तळाशी जळून दगड झाली होती. सुट्टी द्यायला निघालो होतो, कामच वाढवलं.

संध्याकाळी आत्याचा फोन. तिला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की फोन लांब धरावा लागला. ‘आरं बाबा, गूळ आधी घातल्यावर घेवडा शिजंल का? आमटीत चिंच-गूळ कधी घालतात? डाळ शिजल्यावरच ना? तुझ्या त्या अमेरिकेत डाळ वेगळी शिजते व्हय?’

नाही, आत्या. तिथेही तशीच शिजते. मी नंतर यामागचं रसायनशास्त्र वाचलं. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतात ते पेक्टिनने. शिजताना हे पेक्टिन विरघळतं, म्हणून दाणा मऊ होतो. आंबट पदार्थ त्याला विरघळू देत नाहीत. कॅल्शियम त्याला आणखी घट्ट करतं. साखरही दाण्याचं फुगणं मंदावते. आणि मोलॅसिसमध्ये आंबटपणा, कॅल्शियम आणि साखर तिन्ही असतात, काकवीतही थोडंफार तसंच. त्यात मी टोमॅटो घातलेला. दाणा बिचारा काय करणार! पण याचाच फायदाही आहे. आधी मऊ शिजवून घेतलेला दाणा मोलॅसिसमध्ये आठ तास राहिला तरी फुटून पिठलं होत नाही. म्हणून तर तो पदार्थ रात्रभर आत राहू शकतो. माझी चूक फक्त क्रमाची होती.

आणि हा क्रम जुन्या बायकांनी लिहून ठेवलाय. इथे मला लिडिया मरिया चाइल्ड भेटली, आणि खरं सांगू, आजचा भाग मी तिच्यामुळेच केलाय.

१८२९ मध्ये तिचं ‘द फ्रुगल हाउसवाइफ’ हे पुस्तक आलं. काटकसरी गृहिणी. श्रीमंतांसाठी नाही, नोकर नसलेल्या घरांसाठी. बाई स्वतः कादंबरीकार होती, नवरा वकील आणि कर्जात बुडालेला, त्यामुळे काटकसर तिला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. पुस्तक तुफान खपलं. त्यात बेक्ड बीन्स आहेत. ती सांगते की पदार्थ साधा आहे पण फार थोड्यांना नीट जमतो. रात्री बीन्स पाण्यात घालून ठेवा, सकाळी दोन-तीनदा धुवा, मग मांसाबरोबर तासभर चांगल्या कढत पाण्यात ठेवा, आणि मगच मडक्यात. एक क्वार्ट, म्हणजे साधारण लिटरचं माप भरून बीन्स, त्याला एक पाउंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम मांस. थोडी मिरपूड टाका, म्हणजे पोटाला बाधत नाहीत. आत्या आणि ही बाई एका ओट्यावर उभ्या राहिल्या असत्या तर छान जमलं असतं त्यांचं.

पण ती कृती मी तीनदा वाचली, कारण एक गोष्ट सापडत नव्हती. मोलॅसिस. गोड काहीच नाही! ज्याच्याशिवाय बोस्टन बेक्ड बीन्स होतच नाहीत असं आज प्रत्येक जण शपथेवर सांगतो, ते १८२९ च्या या कृतीत नाहीच. १८९६ मध्ये फॅनी फार्मरचं ‘बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ आलं. त्यात आहे, पण क्वार्टभर बीन्सना फक्त एक मोठा चमचा मोलॅसिस आणि तीन चमचे साखर. आजच्या रेसिपींत अर्धा कप मोलॅसिस, वर ब्राउन शुगर. म्हणजे ‘आजीच्या आजीपासून चालत आलेली’ ही गोड चव बरीच अलीकडे वाढत गेलेली आहे.

मोलॅसिस तिथे नव्हतं म्हणून घातलं नाही असं अजिबात नाही. बोस्टन तर मोलॅसिसवर तरंगत होतं. याच पुस्तकात चाइल्डबाई मक्याच्या पुडिंगमध्ये मोलॅसिस घालायला सांगतात. ते इतकं स्वस्त कसं होतं, हे बघितल्याशिवाय या मडक्याची गोष्ट पूर्ण होत नाही.

कॅरिबियन बेटं. जमैका, बार्बाडोस, फ्रेंचांची मार्टिनिक, सेंट डोमिंग. ऊसच ऊस. आणि तो ऊस लावणारे, तोडणारे, चरकात घालणारे, काहिलीपाशी उभे राहणारे सगळे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. आपल्याकडचं गुऱ्हाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना काहिलीची धग माहीत आहे. गळिताच्या हंगामात तिथली गुऱ्हाळघरं रात्रंदिवस चालायची, पाळ्या लावून. चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असायची. झोप अनावर होऊन कोणाचा हात रुळांत गेला तर माणूस ओढला जाऊ नये म्हणून हात तोडायला. आटवलेला पाक बुडाला भोक असलेल्या भांड्यांत थंड करायचे, साखर आत राहायची आणि काळा पाक खाली झिरपायचा. हेच मोलॅसिस.

फ्रान्सने आपल्या ब्रँडीवाल्यांना सांभाळण्यासाठी रमवर बंधनं घातली होती, त्यामुळे फ्रेंच बेटांवर मोलॅसिसला गिऱ्हाईकच नव्हतं. न्यू इंग्लंडचे व्यापारी ते मातीमोल भावाने उचलायचे. बदल्यात काय द्यायचे? लाकूड, घोडे आणि खारवलेला कॉड मासा. त्यातला जो सगळ्यात हलका, युरोपात कोणी विकत घेणार नाही असा माल, तो गुलामांच्या जेवणासाठी. मोलॅसिस बोस्टनला आलं की त्याची रम. त्यातली काही रम घेऊन, विशेषतः ऱ्होड आयलंडची जहाजं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायची आणि रमच्या बदल्यात माणसं विकत घ्यायची. ती माणसं पुन्हा त्याच बेटांवर.

इंग्लंडच्या संसदेने १७३३ मध्ये परक्या मोलॅसिसवर गॅलनला सहा पेन्स कर बसवला. न्यू इंग्लंडवाल्यांनी तो सर्रास चुकवला. १७६४ मध्ये कर निम्मा केला पण वसुली कडक केली, तेव्हा मात्र सगळे खवळले. या भांडणातून पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी म्हातारपणी एका पत्रात मान्य केलंय की अमेरिकेच्या स्वातंत्र्यात मोलॅसिस हा एक महत्त्वाचा घटक होता आणि ते कबूल करायला लाजायचं कारण नाही.

आता मला जे बोचलं ते सांगतो. मी हा पदार्थ निवडला तो त्यामागच्या सुट्टीसाठी. एक दिवस चूल बंद, एक दिवस बाईला आराम. आणि जमैकासारख्या बेटांवर गुलामांना मळ्याच्या कामातून जो एक दिवस मिळायचा, तो रविवारच. त्या रविवारी ते काय करायचे? डोंगरउतारावरच्या छोट्या तुकड्यांत स्वतःचं अन्न पिकवायचे, कारण मालक पुरेसं देत नव्हता. म्हणजे ज्या दिवशी बोस्टनमध्ये काम करणं पाप होतं, त्या दिवशी तिकडे काम नाही केलं तर उपाशी राहायची पाळी. आणि ही दोन्ही घरं एकाच जहाजाने जोडलेली.

चाइल्डबाईंकडे परत येऊ. १८३३ मध्ये, म्हणजे पाककृतींच्या पुस्तकानंतर चारच वर्षांनी, त्यांनी गुलामगिरीविरुद्ध एक अख्खं पुस्तक लिहिलं. गुलामांना लगेच मुक्त करा, मालकांना भरपाई नको, आणि उत्तरेतल्या गोऱ्यांनो, तुमचेही हात स्वच्छ नाहीत, हे सगळं त्यात होतं. परिणाम? ज्या गृहिणींनी त्यांचं पुस्तक डोक्यावर घेतलं होतं, त्यांच्याच घरांतून पाठ फिरली. पुस्तकांचा खप पडला. मुलांसाठी त्या एक मासिक चालवायच्या, त्याचे वर्गणीदार गळाले आणि ते सोडावं लागलं. पण बाई हटल्या नाहीत, पुढची कित्येक वर्षं त्याच विषयावर लिहीत राहिल्या. बीन्समध्ये मोलॅसिस नसण्याचा आणि याचा संबंध जोडायचा मोह मला झाला होता, किती सुंदर गोष्ट झाली असती! पण पुडिंगमध्ये त्या घालतात, त्यामुळे तो जोडता येत नाही. तरी कांदा चिरताना मला त्या आठवतात, हे खरं.

मोलॅसिसने बोस्टनला एकदा चांगलाच हिसका दाखवला, तेही ऐका. १५ जानेवारी १९१९. बंदराजवळ पन्नास फूट उंच टाकी, आत जवळजवळ ८७ लाख लिटर मोलॅसिस. ते बीन्ससाठी नव्हतं, औद्योगिक अल्कोहोलसाठी होतं, आपल्या कारखान्यांतल्या मळीसारखंच. दुपारी टाकी फुटली आणि रस्त्यावर घरांइतकी उंच लाट आली. २१ माणसं गेली, दीडशे जखमी झाली. टाकी आधीपासून गळत होती. कंपनीने गळती दिसू नये म्हणून तिला तपकिरी रंग दिला होता. फुटल्यावर म्हणाली, कोणीतरी बॉम्ब ठेवला. कोर्टात काही वर्षांनी कंपनीचाच दोष ठरला.

डब्याचं थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट मला तितकी आवडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बीन्स डब्यात गेल्या, हाइन्झने १८९५ मध्ये टोमॅटो सॉसमधल्या काढल्या, मग त्या इंग्लंडला पोचल्या. दुसऱ्या महायुद्धात मांसाची टंचाई झाली तेव्हा डब्यातला डुकराचा तुकडा गेला आणि परत आलाच नाही. म्हणून तर माझ्यासारख्या शाकाहारी पोराला तिथे वर्षभर जगता आलं. १९६७ मध्ये ‘द हू’ या बँडच्या अल्बमच्या कव्हरवर त्यांचा गायक बीन्सने भरलेल्या टबात बसलाय. गूगल करा, पण जेवताना नको.

आता दुसरा प्रयत्न, आणि तुम्हाला करायचं असेल तर हाच ऐका.

दोन वाट्या वाघ्या घेवडा, किंवा कुठलाही राजमा, रात्रभर भरपूर पाण्यात. सकाळी ते पाणी फेकून द्या. ताजं पाणी घालून मोठ्या आचेवर चांगली खळखळून उकळी, कमीत कमी दहा मिनिटं, मी वीस ठेवतो. हे टाळू नका. कच्च्या राजम्यात, खास करून लाल दाण्यात, लेक्टिन नावाचं विष असतं. नीट उकळलं की ते जातं, पण नुसत्या कमी तापमानावर तासन्‌तास ठेवलं तर जात नाही. म्हणजे माझा पहिला प्रयत्न कडक निघाला आणि आम्ही तो खाल्ला नाही, हे एका अर्थी बरंच झालं. मग आच कमी करून शिजवा. किती? फॅनी फार्मरची खूण वापरा: चमच्यात चार दाणे घ्या आणि फुंकर मारा. साल फुटून उलगडली की झालं. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापेक्षा हे किती छान आहे! घरातली सगळी पोरं फुंकायला येतात.

मग मातीच्या भांड्यात तळाशी अख्खा सोललेला कांदा, वर घेवडा, दोन चमचे काकवी, एक चमचा मोहरीची पूड, मीठ, मिरपूड. मांसाऐवजी मी दोन मोठे चमचे लोणी आणि धुराच्या वासासाठी निखाऱ्यावर भाजलेली एक सुकी मिरची घालतो. शिजवलेलं पाणी गरम करून दाणे बुडतील इतकं घाला. भांडं थंड ओव्हनमध्येच ठेवा आणि मग तो चालू करा, नाहीतर माती तडकते. दीडशे अंश, पाच-सहा तास. मधूनमधून बघा, पाणी आटलं तर गरम पाणी. शेवटचा तास झाकण काढून, म्हणजे वर काळपट साय धरते. या वेळी मी शनिवारी दुपारी चारला लावलं आणि रात्री दहाला काढलं. टायमर सहा वेळा फिरवला, पण जागेपणी.

रात्री दहाला घरात जो वास सुटला होता! बाबा दोनदा उठून आले. मी म्हटलं, उद्या.

रविवारी सकाळी मी भांडं मंद गरम केलं आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढलं. भाकऱ्या कोणी केल्या? मी. गोल नव्हत्या, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. आई पेपर घेऊन बाल्कनीत बसली होती. दोनदा उठून स्वयंपाकघरात आली, मी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, ‘अरे, मला सुचतच नाहीये बसून काय करायचं ते.’ मग आत्याला फोन लावून पाऊण तास बोलत बसली.

जेवताना तिने पहिला घास खाल्ला, थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘चांगलं झालंय. पण थोडा गोडा मसाला हवा होता.’ डबा काढायला ती उठायच्या आत मीच उठलो.